डाव्या डोळ्याचे रंग

कर्जत, ९ ऑक्टोबर २०२३

प्रिय काका,

आधी हात पुसा, मग पाकीट उघडा. मागच्या खेपेला रूपेशच्या सलूनच्या फोटोवर काकूंच्या बिरड्याचं तेल उमटलं होतं. तुम्ही त्या डागाचं ऊन करून टाकलंत हे खरं, पण दर वेळी असं निभावणार नाही.

या वेळी पाच फोटो आहेत. नेहमीसारखेच काळेपांढरे, जाड खरखरीत कागदावर. नदीवर गोधड्या धुणाऱ्या बायका, इंदूबाईंचं पोळीभाजी केंद्र, बंद पडलेली भाताची गिरणी आणि कोंडाण्याच्या वाटेवर शाळा सुटलेली पोरं. पाचवा मुद्दाम तळाशी ठेवलाय. गणपतीत तुमच्याकडे मोहोपाड्याला आले होते तेव्हा काकू गॅलरीत बसून वाल सोलत होत्या, त्यांना न सांगता काढला. त्यांना आधी दाखवू नका, रंगवून झाला की मगच दाखवा.

आता बातमी ऐका. आपलं प्रदर्शन ठरलं! फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार, तुमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सरांची चित्रं? मग विचारायचं काय त्यात!" ज्यांच्या ज्यांच्या घरी चित्रं लावली आहेत त्यांच्याकडून दोन दिवसांपुरती मागून आणायची आणि परत द्यायची. ज्याचा फोटो त्याच्याच भिंतीवर चित्र, आणि प्रत एकच, हा आपला नियम मोडायचा नाही.

दीड वर्षापूर्वी मी तुम्हाला फक्त सल्ला विचारायला एक फोटो पाठवला होता, आठवतं? लग्नं आणि पासपोर्ट यांच्यामधल्या वेळात मी स्वतःच फोटो रंगवत होते आणि ते सगळे बोहल्यावर बसल्यासारखे दिसत होते. तुम्ही सल्ला दिलाच नाहीत, फोटो रंगवूनच परत पाठवलात. तेव्हापासून मी फोटो काढायचा, तुम्ही रंग भरायचे आणि मग मी ब्लेडने कुठे कुठे खरवडून उजेड आत आणायचा, असं चाललंय.

आणि हल्ली तर तुम्ही कमाल करताय. सुंदराबाईंची ती निळी म्हैस बघून मी स्टुडिओत एकटीच नाचले! शाळेत आम्ही आकाश निळं फासलं की आम्हाला बाकावर उभं करायचात. "डोळ्यांनी बघा, डबीतनं नको," म्हणायचात. आणि आता स्वतः? निळे डोंगर, जांभळी नदी! पंचाहत्तरीनंतर माणूस असा मोकळा सुटतो का हो? सुटत असेल तर मी वाट बघते.

तुमचं अक्षरही मोठं मोठं होत चाललंय. एका पानावर चार ओळी. कागद काय झाडाला लागतात?

तुमची लाडकी आणि उद्धट
तनया


मोहोपाडा, १८ ऑक्टोबर २०२३

तनया,

आशीर्वाद आहेतच, पण आधी भांडण.

म्हैस निळी नाही. म्हशीच्या रंगाची आहे. मी सुटलेलो वगैरे काही नाही. म्हैस, माणूस, डोंगर जसे आहेत तसेच रंगवतो. साध्या गोष्टीत काहीतरी शोधून काढायची तुम्हा लोकांना खोड आहे. थट्टा करायची तर सरळ कर, नाचले बिचले म्हणून गोड बोलू नकोस.

त्यापेक्षा रंगाचं बघ. हल्लीच्या निळ्या वड्यांत दम नाही. तीन-तीन हात दिले तरी आकाश उठत नाही, मातकटच राहतं. खडू कालवतात की काय देव जाणे. दुसरा कुठला चांगला निळा मिळाला तर पाठव, आणि जास्तच पाठव. पिवळा नको. पिवळा न वापरता पडून आहे.

अक्षर मोठं आहे कारण मला लहान लिहायची हौस राहिली नाही. सौमित्रने त्याच्या फोनवर तुझी प्रदर्शनाची जाहिरात दाखवली, पण त्या पडद्याच्या उजेडाकडे मला बघवत नाही. संध्याकाळी कॉलनीतल्या दिव्यांभोवतीसुद्धा कडी दिसतात. हवेत धूर असेल.

आता एक लिहितो, तोंडावर कधी बोललो नसतो. कर्जत सोडून इथे सौमित्रच्या, लेकाच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, झालं आपलं. गॅलरीत बसायचं आणि पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या बघायच्या. किती दिवस तेच केलं. आता सकाळी चहा व्हायच्या आत मी टेबलाशी असतो. परवा ब्रश चहात बुडवला आणि पाणी प्यायलो, तुझी काकू अजून हसते आहे. हे रंगवणं गेलं तर माझ्यापाशी काही उरणार नाही, तनया. म्हणून पाकिटांत खंड पाडू नकोस. पाया पडतो म्हणणार होतो, पण तू लहान आहेस.

पाचही फोटो झाले, सोबत चार पाठवतो. काकूचा इथेच ठेवतो, नियम म्हणजे नियम. तिला दाखवला तर "बरा आहे" म्हणाली आणि उठून आत गेली. या वयातही लाजते.

शरच्चंद्र काका


मोहोपाडा, २३ ऑक्टोबर २०२३

तनया बाळा,

हे पत्र काकांना न सांगता लिहिते आहे. उत्तर माझ्या नावाने पाठव, "सौ. द्वारका" असं ठळक लिही, नाहीतर ते फोडतील.

फोटो तू छान काढलास गं. वाल सोलताना मी एवढी गंभीर दिसते हे मला माहीतच नव्हतं. पण त्यांनी रंगवल्यावर तू तो बघितला नाहीस. माझे केस त्यांनी लालसर रंगवलेत, मेंदीचे.

अगं, तीन वर्षं झाली मी मेंदी सोडून! खांदा आखडला, हात वर जाईना, म्हटलं जाऊ दे. तेव्हापासून डोकं पांढरंशुभ्र आहे. तू बघितलंस, सौमित्रने बघितलं, दूधवाल्यानेसुद्धा विचारलं, "काकी, बरं नाय का?" आणि हा माणूस रोज माझ्यासमोर जेवायला बसतो, मीठ कमी पडलं तर लगेच कळतं त्याला, आणि माझे केस अजून मेंदीचे! म्हणजे तीन वर्षांत एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्या फोटोत पांढरे होते, त्यावर यांनी मुद्दाम रंग चढवला. मी "बरा आहे" म्हणाले आणि मोरीत जाऊन रडले. वेड्यासारखं वाटतं लिहिताना, पण रडले.

पण तू त्यांना यातलं काही बोलू नकोस. रंगवायला लागल्यापासून त्यांना जेवण जातं, झोप लागते, माझ्यावर ओरडतातसुद्धा. मधे तर ओरडणंही सोडलं होतं. ते दिवस मला पुन्हा नकोत. केसांचं काय, केस काय आज आहेत, उद्या नाहीत.

एक विचारू? ते सगळं निळं का असतं? गोधड्या निळ्या, पोरं निळी, इंदूबाईंच्या पोळ्यासुद्धा निळ्या. मला वाटलं तुमचं हल्लीचं काहीतरी असेल, म्हणून गप्प बसले. मला त्यातलं कळत नाही.

काकू


कर्जत, २ नोव्हेंबर २०२३

काकू,

तुमचं पत्र वाचून आधी काकांचा राग आला. मग 'सगळं निळं का' हा तुमचा प्रश्न पुन्हा वाचला आणि हातातलं काम टाकून उठले.

माझ्याकडे सगळ्या चित्रांचे फोटो आहेत. ते पहिल्यापासून लावून बघितले. दीड वर्षापूर्वीची नदी नदीसारखी आहे. पावसाळ्यात ती निळसर होते. पुढच्या उन्हाळ्यात निळी, आणि आता जांभळी. त्यातच काकांनी लिहिलंय की निळ्या वडीत दम नाही, दिव्यांभोवती कडी दिसतात, फोनकडे बघवत नाही. आणि ते मोठं अक्षर. मी अक्कलशून्य बाई, मला वाटलं माणूस मोकळा झालाय!

माझ्याकडे व्हिसाचा फोटो काढायला एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू वाढत गेला की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, तेलकट काचेतून बघितल्यासारखं. पांढरं पिवळट दिसतं आणि निळं आत पोचतच नाही. म्हणून निळं दिसेपर्यंत काका निळा लावत राहतात. आणि काकू, तसल्या काचेतून पांढरे केस कसे दिसतील? मेंदी लावल्यासारखेच दिसतील.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. लगेच न्या.

तुमच्यापासून लपवत नाही, मनात एक पाप येऊन गेलं. फेब्रुवारीपर्यंत गप्प बसावं, प्रदर्शन होऊ द्यावं, मग सांगावं. स्वतःचीच लाज वाटली. पण दुसरी काळजी जात नाही. डोळे बरे झाले की त्यांना ती चित्रं दिसतील. दिसली की काय करतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ब्रश टाकतील आणि पुन्हा हातात घेणार नाहीत. त्यांना चित्रांचं आधी सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

तनया


मोहोपाडा, ११ डिसेंबर २०२३

तनया बाळा,

तुझं खरं ठरलं. पनवेलच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिकलेला. म्हणाले, आजोबा, एवढे दिवस काय करत होतात? हे म्हणाले, चित्रं काढत होतो. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं आजोबा विनोदी आहेत.

दिवाळीपासून नाही नाही म्हणत होते. मला स्पष्ट दिसतं, डोळ्याला सुरी लावून घेणार नाही, एक ना दोन. शेवटी मी म्हटलं, परवा तुम्ही साखर म्हणून पिठी घातलीत चहात. तेव्हा कुठे हो म्हणाले. संक्रांत झाली की उजवा डोळा करायचा आणि डावा त्यानंतर दोनेक महिन्यांनी.

दवाखान्यातून येताना रिक्षात बसलो होतो. त्यांनी माझा हात धरला होता, पायरी दिसत नाही म्हणून. आणि मला एकदम रडूच फुटलं. ते विचारतायत काय झालं, काय झालं. काय सांगू? तीन वर्षं मी मनात धरून बसले होते की हा माणूस माझ्याकडे बघत नाही. बघत होते गं, पण दिसत नव्हतं. केवढं ओझं उतरलं ते तुला लग्न झाल्याशिवाय कळायचं नाही.

चित्रांचं मी त्यांना सांगितलेलं नाही. ब्रश घेऊन बसले की शीळ घालतात, ती ऐकली की वाटतं आणखी एक दिवस राहू दे. ऑपरेशन झालं की घरातली चित्रं मी लपवून ठेवणार आहे. नव्या डोळ्याने जरा जग बघू देत, मग हळूच सांगू. तूही तोवर लिहू नकोस.

संक्रांतीचा तिळगूळ आत्ताच करून पाठवते. तुझ्या आवडीचा, कडक.

काकू


मोहोपाडा, २१ जानेवारी २०२४

तनया,

डॉक्टरांनी वाकायला, लिहायला आणि चिडायला मना केलंय. तिन्ही करतो आहे.

पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा नर्सचा डगला दिसला. इतका पांढरा, की मी डोळा मिटून घेतला. दांड फाट्यावरून आत वळल्यावर समोर माणिकगड उभा. त्याच्या घळीसुद्धा दिसत होत्या. मी सौमित्रला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्यात उतरून बघत बसलो. त्याला वाटलं मला उलटी होते आहे. आता माझे दोन डोळे दोन गावचे आहेत. उजवा मिटला की सगळं जुनं, गुळाच्या पाण्यात बुडवलेलं. डावा मिटला की धुऊन वाळत घातलेलं.

दोन दिवस मी फार सुखात होतो, तनया. मग चित्रं बघायला मागितली.

घरात चित्रं नव्हती. तुझी काकू म्हणाली, भिंतींना रंग द्यायचाय म्हणून काढली. भिंतींना रंग द्यायचं कुणाच्याही मनात नाही. ऑपरेशन झाल्यापासून ती घरातही डोक्यावरून पदर घेऊन हिंडते. थंडी वाजते म्हणते. लपवाछपवी चालली असली की बाईमाणूस पदरच घेणार. चित्रं गादीखाली सापडली. बाकीची सौमित्रच्या फोनमध्ये होती. आता त्या पडद्याकडे बघता येतं, तेच वाईट झालं.

म्हैस निळी आहे. तू खरं लिहिलं होतंस आणि मी तुझ्याशी भांडलो. म्हैस निळी, नदी जांभळी, पोरांची तोंडं बुडून वर काढल्यासारखी. इंदूबाईंच्या त्या पोळ्या कुत्रा तरी खाईल का? आणि हे मी केलंय. वर रंगवाल्याला शिव्या घातल्या.

तुम्हा दोघींना ठाऊक होतं. काकूने कबूल केलं. मला एका शब्दाने कुणी बोललं नाही. मी शीळ घालत बसलो होतो आणि तुम्ही दोघी गंमत बघत होतात. तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं, पण आत्ता मला ते कळून घ्यायचं नाही.

प्रदर्शन होणार नाही. लोकांना दिलेली चित्रं घरोघर जाऊन परत आण आणि इकडे पाठव. धुता आली तर धुईन, नाहीतर फाडीन. ज्या शाळेत जन्मभर मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारले तिथे हे टांगून घेऊ? आणि पुढे फोटो पाठवू नकोस. रंगाची पेटी मी माळ्यावर टाकली. गॅलरीत बसेन. बसगाड्या आता स्पष्ट दिसतील.

शरच्चंद्र


कर्जत, २५ जानेवारी २०२४

प्रिय काका,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. पिशवी घेतली, स्कूटर काढली आणि घरोघर गेले. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

आधी रूपेशकडे. त्याने चित्र आरशाच्या वर लावलंय. एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस होता, त्याला तसाच ठेवून त्याने माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सहावीत मी झाड निळं केलं म्हणून सरांनी मला अख्खा तास बाकावर उभा केला होता. आता सरांनीच माझ्या दुकानापुढचा गुलमोहर निळा केलाय. हे चित्र मी मरेपर्यंत देणार नाही. पुरावा आहे माझा. सरांना सांग, माझे दोन मार्क राहिलेत!" फेसवालं गिऱ्हाईकही तुमचाच विद्यार्थी निघालं. ते म्हणालं, माझे पाच.

इंदूबाईंकडे गेले. त्यांना सरळ सांगितलं, काकांना दिसत नव्हतं, पोळ्या चुकून निळ्या झाल्यात. त्या लाटता लाटता म्हणाल्या, "मंग काय झालं? मला बी दिसत नाय नीट, मी तवा सोडला का? ऱ्हाऊ दे तितंच." आणि मला जेवायला बसवलं. पोळ्या पांढऱ्या होत्या, काळजी नको.

शेवटी कोंडाण्याला गेले. सुंदराबाई अंगणात भात वाळवत होत्या. मी चित्र मागितल्यावर उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या, आत जाऊ देईनात. म्हणाल्या, "म्हस गेली गं माझी, दिवाळीच्या टायमाला. चार दिस खाल्लं नाय, पाचव्या दिशी गेली. आता येवढीच हाय. काळ्या म्हशी काय, गावात घरोघरी हायत. निळी येकच हाय, ती आमची चिंधी. आल्यागेल्याला दावते मी. सरांना सांग, दुसरं काय पन मागा." मग त्यांनी मला पायलीभर वाल दिले, तुमच्यासाठी. मी वाल घेऊन आले.

तर पिशवीत वाल आहेत आणि चित्र एकही नाही. हिसकावून आणता आली असती. मी आणली नाहीत.

आता माझं सांगते. मला नोव्हेंबरात कळलं आणि मी जानेवारीपर्यंत तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हीच लिहिलं होतं ना, की हे रंगवणं गेलं तर माझ्यापाशी काही उरणार नाही? ते वाचल्यावर तुमच्या हातून ते काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. आमची गंमत चालली होती असं मात्र म्हणू नका, काका. ते मला फार लागलं.

चित्रं तुमची आहेत. तुम्ही नको म्हणालात तर लोक दोन दिवसांच्या प्रदर्शनासाठी द्यायला तयार असले तरी मी ती टांगणार नाही. हॉल सोडायचा की नाही ते बुधवारपर्यंत कळवा. सोडताना रडू येईल, पण सोडीन.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तनया


मोहोपाडा, २९ जानेवारी २०२४

तनया,

हॉल सोडू नकोस.

गंमत शब्द मी मागे घेतो. तुझं पत्र तुझ्या काकूने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला आता वाचता येतं, पण तिला वाचायचं होतं. रूपेशपाशी ती इतकी हसली की ठसका लागला. म्हशीपाशी थांबली आणि पुढचं मी वाचलं. रूपेशला सांग, दोन मार्क दिले. फेसवाल्याला नाही, त्याचं नाव कळव, मला शंका आहे.

लोक चित्रं देत नाहीत म्हटल्यावर मी म्हटलं, निदान घरातलं तरी सुधारीन. पेटी माळ्यावरून सौमित्रकडून काढून घेतली. काल सकाळी तुझ्या काकूला गॅलरीत त्याच जागी बसवलं, सोलायला वाल दिले, चित्र मांडीवर घेतलं. म्हटलं, पदर काढ, मला रंग नीट बघू दे. नको म्हणाली. मी म्हटलं, अगं थंडी कुठे आहे, ऊन आलंय. तरी नको. मी ओरडलो. ती ओरडली. शेजारच्या गॅलरीतली मंडळी आत गेली. शेवटी तिने पदर काढला आणि मान खाली घातली.

तनया, मी ब्रश खाली ठेवला. पांढरे, सगळेच्या सगळे. कानामागेसुद्धा एक काळा नाही. इतकी सुंदर दिसत होती ती उन्हात, आणि इतकी म्हातारी. मला दोन्ही एकदम दिसलं आणि माझं मलाच सावरेना.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली तीन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "आधी राग होता. डोळ्यांचं कळल्यावर राग गेला आणि भीती बसली. म्हटलं, आता दिसलं की म्हणतील, ही कोण म्हातारी?"

मी काय बोललो ते तुला लिहीत नाही, तू लहान आहेस.

मग मी उजवा डोळा झाकून डाव्याने तिच्याकडे बघितलं. ती मेंदी लावलेली होती. चित्रात आहे तशी, तंतोतंत तशीच. पुन्हा पुन्हा बघितलं. म्हणजे मी खोटं रंगवलेलं नाही. मला जे दिसत होतं तेच मनापासून रंगवलं. म्हैसही तशीच रंगवली असणार. लाज अजून आहे, ती एका दिवसात जात नाही. पण फाडायचं मनातून गेलं. सगळी चित्रं आहेत तशी टांग. फक्त प्रत्येकाखाली माझं नाव ठळक घाल. चुका माझ्या आहेत, तुझ्या नावावर कशाला?

काकूचं चित्र मात्र सुधारायलाच घेतलं. ओल्या कापसाने केसांचा रंग काढला. बराचसा निघाला, डाग राहिला. मग तुझ्यासारखं ब्लेड आडवं धरून हळूहळू खरवडत गेलो. कागदाची लव उठली, आणि काय सांगू, तीच तिचे केस झाली! ब्रशने सात जन्मात जमलं नसतं. कडेपासून सुरुवात करून भांगापर्यंत आलो. पलीकडच्या बाजूला ब्लेड टेकवलं तोच तिने माझं मनगट धरलं. मांडीवरचे वाल सगळे सांडले.

"पुरे," ती म्हणाली. "ती बाजू राहू दे."

"अगं, चूक आहे ती."

"असू दे चूक. तीन वर्षं तुम्ही मला तसं बघत होतात ना? मला वाटायचं, बघतच नाहीत. तेवढी बाजू मला हवी आहे."

मी ब्लेड ठेवलं आणि वाल वेचायला खाली बसलो. वाकायचं नाही म्हणून ती ओरडत होती.

तर चित्र असं आहे, भांगाच्या एका बाजूला मेंदी आणि दुसऱ्या बाजूला पांढरे. सौमित्रबरोबर पाठवतो आहे. प्रदर्शनात लाव, पण आमच्या घरचं आहे, रविवारी संध्याकाळी मी स्वतः परत घेऊन जाणार. आम्ही दोघंही येतो आहोत.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मार्चमधली मिळाली आहे. तोवर फोटो पाठव, जमतील तेवढे पाठव, आणि त्यात तुझ्या काकूचे जास्त असू देत. डावा डोळा जायच्या आत मला त्याच्याकडून तिला पोटभर रंगवून घ्यायचंय.

तुझा काका